थांब म्हटलं की थांबत का नाही?

२००० च्या दशकात इंटरनेट एक्सप्लोरर वापरलेल्या लोकांना एक खिडकी नक्की आठवत असेल. पान उघडता उघडता सगळं गोठायचं, माउस हलायचा पण काही दाबलं जायचं नाही, आणि मग विचारणा यायची: या पानावरच्या एका स्क्रिप्टमुळे ब्राउझर मंद झाला आहे, ती बंद करायची का? सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेला माणूस 'हो' दाबून मोकळा व्हायचा. ही खिडकी नेमकी कधी येते, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. हा ब्राउझर घड्याळ बघतच नव्हता. तो स्क्रिप्टमधली विधानं मोजत बसायचा आणि ५० लाख विधानं झाली की विचारायचा. २००९ च्या सुमारास फायरफॉक्स घड्याळ बघायचा, त्याची मर्यादा १० सेकंदांची. सफारीची ५ सेकंदांची.

विचारण्यात थोडी लबाडीही होती. स्क्रिप्ट कुणी लिहिली, ती काय करते आहे, अजून दोन सेकंदांनी तिचं काम संपणार आहे की कधीच नाही, यातलं काहीच त्या माणसाला माहीत नव्हतं. ते ब्राउझरलाही माहीत नव्हतं. स्वतःला न सुटलेला प्रश्न त्याने गिऱ्हाइकाकडे सरकवला होता, इतकंच.

हा प्रश्न ब्राउझरपुरता नाही. मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात एखाद्या छोट्या भाषेचं इंजिन बसवायचं आणि दुसऱ्या कुणाला त्यात आपलं कोड चालवू द्यायचं, ही पद्धत आता सगळीकडे आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळाच्या पडद्यावरची बटणं लुआ या भाषेत लिहिता येतात. जेम्स वेब दुर्बीण अवकाशात आपली निरीक्षणं करते ती जावास्क्रिप्टमधल्या स्क्रिप्ट चालवून, आणि तिचं इंजिन नॉम्बास नावाच्या, आता अस्तित्वात नसलेल्या कंपनीचं आहे. मी पुण्यात ज्या उत्पादनावर काम करते त्यातही ग्राहक स्वतःचे नियम स्क्रिप्टमध्ये लिहितात आणि ते आमच्या सर्व्हरवर चालतात. अशा ठिकाणी दोन पक्ष असतात. घर ज्याचं तो यजमान प्रोग्रॅम आणि आत आलेलं पाहुणं कोड. पाहुणा उठायचं नावच घेत नसेल तर यजमानाने काय करायचं, याचा हा इतिहास आहे. पाहुण्याला उठवण्याच्या युक्त्या लवकर सापडल्या. तो अर्ध्यावर उठला तर मागे काय उरतं, यावर मात्र साठ वर्षं डोकेफोड चालू आहे.

आधीच तपासून घ्यावं, हे कोड थांबणार की नाही, असं कुणालाही वाटेल. तो रस्ता ॲलन ट्यूरिंगच्या १९३६ च्या निबंधाने बंद करून ठेवला आहे. कोणताही प्रोग्रॅम घेऊन तो थांबेल की नाही हे बिनचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. मग उरतं ते चालू असताना मधे पडणं.

मधे पडायला यंत्रातच सोय लागते. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच महागडा कॉम्प्युटर, अनेक माणसं आणि प्रत्येकाला तो आपलाच वाटावा असा बेत. पुढे आयबीएमच्या ज्या मोठ्या यंत्रांवर ती रोज चालू लागली, त्यांना दोन गोष्टी मुद्दाम जोडून घ्याव्या लागल्या: ठरावीक वेळाने चालू कामाला धक्का देऊन नियंत्रण परत मिळवणारं घड्याळ, आणि एकाने दुसऱ्याच्या मेमरीत हात घालू नये म्हणून भिंत. थांबवण्याच्या इतिहासात घड्याळ आणि भिंत ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. घड्याळ सगळ्यांच्या लक्षात राहतं. भिंतीचा विसर पडतो.

युनिक्समध्ये 'किल' ही आज्ञा आणि तिचा नऊ नंबरचा सिग्नल आहे. तो प्रोग्रॅमला पकडता येत नाही, टाळताही येत नाही. त्याचा दरारा इतका की प्रोग्रॅम अडकला की कॉलेजातला पोरगाही 'नऊ नंबर मार' म्हणतो. पण तो चालतो तो भिंतीमुळे. युनिक्सच्या प्रत्येक प्रोसेसला स्वतःची मेमरी आहे, आणि तिने उघडलेल्या फायलींची यादी ऑपरेटिंग सिस्टिमकडे आहे. प्रोसेस मेली की सिस्टिम यादी बघून सगळं आवरून ठेवते. घर पाडलं तरी शेजाऱ्याच्या भिंतीला तडा जात नाही.

तरीही एक कोपरा राहतोच. प्रोसेस सिस्टिमकडून एखादं लांबलचक काम करून घेत असेल, आणि ते अर्ध्यावर असतानाच सिग्नल आला तर? एमआयटीच्या आयटीएस या सिस्टिमने याचं कष्टाचं उत्तर काढलं होतं. अर्धं झालेलं काम असं मागे सारायचं, की बाहेरून बघणाऱ्याला एक तर ते सुरूच झालेलं नाही असं दिसावं, किंवा जिथवर झालं तिथून सरळ पुढे चालू करता यावं. या उद्योगाला तिथली मंडळी 'पीसी लूझरिंग' म्हणत. युनिक्सने असले लाड केले नाहीत. मधे व्यत्यय आला असा एरर परत द्यायचा, पुन्हा प्रयत्न करायचा की नाही ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने बघावं. रिचर्ड गॅब्रिएल यांनी १९९१ च्या सुमारास गाजलेल्या लेखात हाच दाखला घेऊन 'कमअस्सल तेच सरस ठरतं' असा युक्तिवाद केला. युनिक्स जिंकलं हे खरंच आहे. पण तो एरर तपासायला विसरलेल्या प्रोग्रॅमांची किंमत त्या विजयात कुणी धरली नाही, असं मला वाटतं.

आता ही भिंत काढून टाका. जावाचं पहिलं अधिकृत रूप १९९६ च्या सुरुवातीला आलं आणि त्यात थ्रेड होते. एकाच मेमरीत एकाच वेळी चालणारी अनेक कामं. त्या थ्रेडला 'स्टॉप' नावाची मेथड होती. नऊ नंबरच्याच वळणाची. बाहेरून हाक मारली की त्या थ्रेडमध्ये, तो जिथे असेल तिथे, 'थ्रेडडेथ' नावाचा एरर उसळायचा.

यातली अडचण समजायला रेल्वे आरक्षण घेऊ. एक थ्रेड रिकाम्या जागांतून एक वजा करतो आणि मग चार्टवर प्रवाशाचं नाव लिहितो. ही दोन्ही कामं होईपर्यंत दुसऱ्या कुणी चार्ट बघू नये म्हणून त्याने कुलूप लावलं आहे. जागा वजा झाली, नाव लिहायचं आहे, आणि नेमका त्याच क्षणी 'स्टॉप' आला. एरर वर वर जाताना थ्रेडने धरलेली सगळी कुलपं जावा इमानदारीने उघडत जाते. बाकीचे थ्रेड आत येतात आणि त्यांना एक जागा कमी असलेला, पण कुणाचंच नाव नसलेला चार्ट दिसतो. कुठेही लाल दिवा लागत नाही. प्रोग्रॅम व्यवस्थित चालू राहतो आणि चुकीची उत्तरं देतो. कुलूप न उघडता थ्रेड मारावा, तर सगळे कायमचे दाराशी ताटकळत राहतात.

डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या जावा १.२ ने 'स्टॉप' वापरू नका असं जाहीर केलं. काढून मात्र टाकली नाही. ती धोक्याची पाटी लावून तशीच उभी होती, आणि मार्च २०२३ मध्ये आलेल्या जावा २० पासून ती नुसतीच 'हे जमत नाही' असा एक्सेप्शन देऊ लागली. चोवीस वर्षं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये थ्रेड मारण्याची 'ॲबॉर्ट' होती. २०१६ मध्ये डॉटनेट कोअर नव्याने उभं करताना त्यांनी ती घेतलीच नाही.

चोवीस वर्षं लागण्यामागे आळस नव्हता, लोकांना तिची गरज पडत होती. आणि इथे आपल्या पाहुण्याचा थेट संबंध येतो. जावात बसवायचं जावास्क्रिप्टचं जुनं इंजिन म्हणजे ऱ्हायनो, १९९७ मध्ये नेटस्केपमध्ये सुरू झालेलं. ऱ्हायनोमध्ये सोय होती: ठरावीक सूचना चालल्या की इंजिन यजमानाला हाक मारतं, आणि यजमानाला वाटलं तर तो तिथेच खेळ संपवतो. २०१४ मध्ये जावा ८ सोबत त्याच्या जागी नाशोर्न आलं. नाव तेच, फक्त जर्मनमध्ये. दोन्हींचा अर्थ गेंडा. हा गेंडा फार वेगाने पळायचा, कारण तो जावास्क्रिप्टचं थेट जावाच्या बाइटकोडमध्ये रूपांतर करायचा. वेगाच्या नादात ती मोजणी गेली. नाशोर्नमध्ये एखादी स्क्रिप्ट अनंत लूपमध्ये शिरली, तर बाहेरून तिला थांबवायला इंजिनाने काहीच दिलेलं नव्हतं. मग लोक काय करणार? सोळा वर्षांपूर्वीच पाटी लावलेल्या 'स्टॉप'कडेच वळले. पुढे जावा १५ मधून नाशोर्नच काढलं गेलं, आणि त्यानंतरच्या ग्राल इंजिनाने पाहुण्याचं अख्खं दालन बाहेरून बंद करण्याची सोय पहिल्यापासून ठेवली.

मोजणीची युक्ती समजून घेण्यासारखी आहे, कारण भिंत नसताना हाती उरते ती एवढीच. कल्पना साधी. पाहुण्याला बाहेरून हात लावायचा नाही. त्याच्या वाटेवर ठरावीक ठिकाणी थांबे बसवायचे आणि प्रत्येक थांब्यावर त्याने स्वतःच विचारायचं, मला कुणी बोलावलं आहे का? थांबे योग्य जागी असले तर इंजिनाची स्वतःची मांडणी कधी अर्धवट राहत नाही. नेटस्केपच्या इंजिनात हे थांबे उड्यांवर होते. अनंत लूपला मागे उडी मारावीच लागते, तेव्हा उडीवर पहारा ठेवला की तो सापडतोच. रिओ द जानेरोच्या पीयूसी विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेल्या लुआने २००३ च्या पाचव्या आवृत्तीत हूक दिले. दर अमुक इतक्या सूचनांनंतर माझं हे फंक्शन चालव, असं यजमान सांगू शकतो.

सगळ्यात देखणी युक्ती व्ही-८ ची, म्हणजे २००८ मध्ये क्रोमसोबत आलेल्या इंजिनाची. प्रत्येक फंक्शनच्या दाराशी एक तपासणी तशीही हवीच असते: स्टॅक भरून वाहत तर नाही ना? त्यासाठी स्टॅकची सध्याची जागा एका मर्यादेशी ताडून बघतात. व्ही-८ ने हीच तपासणी लूपच्या वळणावरही बसवली. बाहेरच्या थ्रेडला पाहुण्याला थांबवायचं असेल तर तो फक्त ती मर्यादा बदलून अशक्य आकडा लिहून ठेवतो. पुढच्याच दाराशी पाहुण्याला वाटतं, स्टॅक संपला. तो तक्रार घेऊन इंजिनाकडे जातो, आणि इंजिन त्याला सांगतं की स्टॅक भरपूर आहे, तुझीच वेळ संपली आहे. वेगळा झेंडा नाही, वेगळी तपासणी नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून हसले होते.

थांब्यावर गाठला तरी पाहुणा ऐकेलच असं नाही. लुआच्या हूकमधून एरर फेकला, तर तो पाहुण्याच्या कोडमधल्या 'पीकॉल'ला पकडता येतो. पकडून गिळायचा आणि लूप पुन्हा सुरू करायचा. म्हणून व्ही-८ मध्ये हा एक्सेप्शन वेगळ्या जातीचा आहे. जावास्क्रिप्टच्या 'कॅच'ला तो दिसत नाही आणि 'फायनली'मधलं कोडही चालत नाही. पाहुण्याला निरोपाचे दोन शब्द बोलायची संधी दिली की तो त्यातच अनंत लूप घालू शकतो, म्हणून ती संधीच काढून घेतली. सुरक्षेच्या दृष्टीने बरोबर. पण 'फायनली' हे आवरासावरीचं ठिकाण असतं, हेही विसरून चालत नाही.

या दोन्ही प्रश्नांची गाठ रेडिसमध्ये पडते, आणि मला हा दाखला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. रेडिस हा साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये आणलेला, सगळा डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस. २०१२ च्या २.६ या आवृत्तीत त्यात लुआ बसवली. स्क्रिप्ट चालू असताना दुसरं काहीही चालत नाही, हे त्याचं वचन. मग एखादी स्क्रिप्ट अडकली तर? मूळ मर्यादा ५ सेकंदांची. ती उलटली तरी रेडिस स्क्रिप्टला मारत नाही. तो फक्त इतरांना 'कामात आहे' असं सांगू लागतो. मग तुम्ही स्क्रिप्ट मारण्याची आज्ञा देऊ शकता, पण तिने आतापर्यंत फक्त वाचनच केलं असेल तर. तिने एक जरी नोंद लिहिली असेल तर रेडिस नकार देतो. एक तर तिची वाट बघा, नाही तर डिस्कवर काहीही न उतरवता अख्खा सर्व्हर बंद करा, असं स्वच्छ सांगतो. अर्धा लिहिलेला डेटा पुढे चालवण्यापेक्षा सगळंच बंद झालेलं बरं, अशी ही भूमिका. अडचणीच्या वेळी रेडिसला शिव्या देणारे मी पाहिले आहेत. मला मात्र वाटतं, जावाच्या त्या चार्टसारखं गुपचूप चुकीचं उत्तर देण्यापेक्षा हे उद्धट उत्तर परवडलं. आणि तो 'पीकॉल'चा चकवा? पुढच्या आवृत्त्यांत, स्क्रिप्ट मारायचं ठरलं की हूक ओळीओळीला लावला जातो. एरर गिळला तर पुढच्या ओळीवर पुन्हा एरर, तो गिळला तर पुन्हा. पाहुणा दमेपर्यंत.

इथवरच्या सगळ्या गोष्टींत एक गृहीत धरलेलं होतं: पाहुणा एका वेळी एकाच ठिकाणी असतो. असिंक्रोनस कोडने ते गृहीतच काढून घेतलं.

जावास्क्रिप्टमध्ये नेटवर्कवरून काही आणायचं, तर फंक्शन तिथे खोळंबून राहत नाही. 'आलं की मला उठवा' असं सांगून ते बाजूला होतं. उठवायची वेळ आली की त्याचं उरलेलं काम एका रांगेत लागतं. म्हणजे एकाच पाहुण्याचं काम कोणत्याही क्षणी तीन ठिकाणी पसरलेलं असू शकतं: थोडं आत्ता स्टॅकवर चालू आहे, थोडं रांगेत उभं आहे, आणि थोडं बाहेर आहे, कुठल्या टायमरच्या किंवा नेटवर्कच्या यादीत नुसतं नाव नोंदवून. व्ही-८ ची ती देखणी युक्ती यातल्या पहिल्यालाच लागू पडते. स्टॅक रिकामा केला की तिचं काम संपलं. इंजिन पुन्हा वापरायला मोकळं होतं, आणि रांगेतला पाहुणा शांतपणे आत येतो.

हे कल्पनेतलं नाही. नोडच्या 'व्हीएम' मॉड्यूलमध्ये परकं कोड चालवताना मर्यादा देता येते, समजा ५ मिलिसेकंद. पाहुण्याने सरळ अनंत लूप लिहिला तर तो ५ मिलिसेकंदांत मरतो. पण त्याने तोच लूप एका पूर्ण झालेल्या प्रॉमिसच्या 'देन'मध्ये ठेवला तर? मुख्य कोड क्षणात संपतं. पहारेकरी घड्याळ बंद करून घरी जातो. यजमान पुढच्या ओळीवर 'काम झालं' असं छापतोसुद्धा. आणि त्यानंतर रांग हलते, लूप सुरू होतो, आणि आता त्याच्यावर कुणाचंच घड्याळ नाही. नोडच्या अधिकृत दस्तऐवजात हाच नमुना इशारा म्हणून दिलेला आहे. २०२० मध्ये १४.६ या आवृत्तीत एक पर्याय आला: पाहुण्याला त्याची स्वतःची वेगळी रांग द्यायची आणि ती रिकामी होईपर्यंत घड्याळ चालू ठेवायचं. त्याच सुमारास लोकप्रिय असलेल्या व्हीएम-२ या पॅकेजने याहून रांगडा उपाय ठेवला होता. मर्यादा फक्त सिंक्रोनस कोडला लागू पडते असं लिहून टाकायचं, आणि हवं असेल तर पाहुण्याला असिंक्रोनस लिहायलाच बंदी करायची. स्वयंपाकघरात चोरी होते म्हणून स्वयंपाकच बंद!

लुआमध्ये हेच दुखणं दुसऱ्या रूपात आहे. तिथली कोरुटीन म्हणजे मधेच थांबून नंतर चालू होणारं फंक्शन, आणि हूक प्रत्येक कोरुटीनचा वेगळा असतो. कोरुटीन जन्माला येताना तो आईकडून घेते. पण आधीच जन्मलेल्या कोरुटीनला, नंतर आईवर लावलेला हूक दिसत नाही.

जो पाहुणा आत्ता चालतच नाही, नुसता वाट बघत झोपला आहे, त्याला थांबवणं म्हणजे तरी काय? त्याला पुन्हा कधीच उठवलं नाही तर? तांत्रिकदृष्ट्या तो संपला. काही काळाने मेमरी साफ करणारा येऊन त्याला उचलून नेईल. पण त्याने झोपण्यापूर्वी उघडलेली फाइल, धरलेलं कनेक्शन, लिहिलेली अर्धी नोंद? एरर उसळला असता तर 'फायनली' चाललं असतं. इथे एररसुद्धा नाही. त्याला फक्त विसरलं गेलं आहे. लुआने २०२० च्या ५.४ आवृत्तीत झोपलेली कोरुटीन बाहेरून बंद करण्याचं, आणि बंद करताना तिची आवरासावर करून घेण्याचं फंक्शन दिलं. जावास्क्रिप्टच्या जनरेटरना अशी सोय २०१५ पासून आहे. तिच्या असिंक्रोनस फंक्शनना नाही.

का नाही, याच्या मागे एक वाद आहे. असिंक्रोनस फंक्शनला हाक मारली की हाती प्रॉमिस येतं. प्रॉमिस म्हणजे शिंप्याकडची पावती. कपडा तयार झाला की दाखवून न्यायचा. जावास्क्रिप्टच्या प्रमाणीकरण समितीपुढे डोमेनिक डेनिकोला यांनी प्रॉमिस रद्द करण्याची सोय मांडली होती. डिसेंबर २०१६ मध्ये तो प्रस्ताव त्यांनी मागे घेतला. यातला पेच असा: पावती असणं म्हणजे शिंप्याला काम थांबवायला सांगायचा हक्क असणं का? एकाच कपड्याच्या पावतीच्या चार प्रती चार जणांकडे असतील आणि एकाने रद्द केलं, तर बाकीच्या तिघांनी काय करायचं? शिवाय रद्द झालेलं काम यशस्वी मानायचं, अयशस्वी मानायचं, की तिसरंच काही?

२०१७ मध्ये ब्राउझरांनी वेगळी वाट काढली. पावती आणि थांबवण्याचा हक्क या दोन वस्तू वेगळ्या केल्या. ॲबॉर्ट कंट्रोलर ज्याच्या हाती, त्याला थांब म्हणता येतं. त्याचा सिग्नल काम करणाऱ्याकडे आधीच देऊन ठेवायचा, आणि काम करणाऱ्याने तो अधूनमधून बघावा अशी अपेक्षा. स्वभावतः हा निरोप आहे, हुकूम नाही. पायथॉनने मधला मार्ग धरला. तिथे असिंक्रोनस काम रद्द केलं की ते जिथे थांबलं आहे तिथेच एक एक्सेप्शन उसळतो. पण तोही पूर्वी साध्या एररांच्या कुळातला होता, त्यामुळे 'काहीही चुकलं तरी पुन्हा प्रयत्न कर' अशा भाबड्या कोडमध्ये रद्द करण्याचा हुकूमही गिळला जायचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये ३.८ या आवृत्तीत त्याला त्या कुळातून बाहेर काढून वरच्या पायरीवर बसवलं. लुआच्या 'पीकॉल'ची आणि व्ही-८ च्या 'कॅच'ची कथा, तिसऱ्या गावात.

ज्यांना हा त्रास झाला नाही, असेही आहेत. एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी १९८० च्या दशकात जन्मलेल्या अर्लांगमध्ये प्रत्येक छोट्या प्रोसेसला स्वतःची मेमरी आहे. तिला मारलं तर अर्धवट चार्ट दुसऱ्याला दिसतच नाही, आणि ती मेल्याची बातमी तिच्याशी जोडलेल्यांना पोचते. इथेरियमने २०१५ मध्ये प्रत्येक सूचनेला दर लावला. पैसे संपले की कोड थांबतं आणि त्याने केलेले बदल मागे घेतले जातात, पैसे मात्र परत मिळत नाहीत. लिनक्सच्या गाभ्यात परकं कोड चालवणारं ईबीपीएफ तर दारातच अडवायचं: मागे उडी मारणारं कोड आत घेणारच नाही. मर्यादित लूपना तिथे २०१९ मध्ये, लिनक्स ५.३ मध्ये प्रवेश मिळाला. या तिघांनीही पाहुणा आत येण्याआधी हिशेब ठरवला होता.

जावास्क्रिप्टच्या यजमानांना आता तेच उशिरा करावं लागतं. प्रत्येक पाहुण्याला वेगळा वर्कर किंवा वेगळं इंजिन द्यायचं. त्याच्या वतीने लावलेला प्रत्येक टायमर, उघडलेलं प्रत्येक कनेक्शन यजमानाने स्वतःच्या वहीत पाहुण्याच्या नावावर लिहून ठेवायचं. थांबवायचं ठरलं की आधी सिग्नल द्यायचा, थोडी मुदत द्यायची, मग चालू स्टॅक मोडायचा, रांग फेकून द्यायची, आणि वही घेऊन एकेक नाव खोडत बसायचं. आमच्याकडे या वहीचं कोड इंजिन बसवण्याच्या कोडपेक्षा मोठं आहे. आणि तरीही, नेटवर्कवर गेलेली विनंती गेलेली असते. पलीकडच्या सर्व्हरने पैसे कापले असतील, तर इकडे कितीही खोडलं तरी ते कापलेलेच राहतात.

लुआसोबत येणारा छोटा इंटरप्रिटर सी भाषेत आहे, आणि त्यात कंट्रोल-सी दाबलं की चालणारं फंक्शन जेमतेम चार ओळींचं आहे. चालू असलेल्या लुआला सिग्नलमधून थेट हात लावणं धोक्याचं, म्हणून ते फक्त एक हूक लावून ठेवतं. पुढच्या सूचनेवर लुआ स्वतःच थांबेल. पण त्याच्याही आधी, पहिल्याच ओळीत, ते कंट्रोल-सीचा अर्थ मूळपदावर नेऊन ठेवतं. म्हणजे लुआ त्या निरोपाने थांबली नाही आणि माणसाने वैतागून कंट्रोल-सी पुन्हा दाबलं, तर या वेळी हूक लागत नाही. अख्खी प्रोसेस जाते.